हात न मळवता मळा

थोडा वशिला आणि जहाजाच्या भाड्यापुरते पैसे गाठीशी असतील, तर सतराव्या शतकातलं व्हर्जिनिया, म्हणजे इंग्रजांची अमेरिकेतली वसाहत, गाठा. येताना इंग्लंडातला एखादा पोटाला महाग झालेला पोरगा हेरा आणि त्याचं भाडं भरा. आणलेल्या माणसामागे ५० एकर जमीन सरकार तुमच्या नावावर करतं. हो, तुमच्याच. समुद्र त्याने ओलांडला, उलट्या त्याने काढल्या, सातबारा तुमचा. वर ते भाडं फेडायला तो चार ते सात वर्षं तुमच्याच तंबाखूत राबणार. मधेच तापाने गेला तर मन खाऊ देऊ नका. ५० एकर परत मागायला कोणी येत नाही.

पळाला तर? कायदे करणारी मंडळी तुमच्याच पंगतीतली आहेत. जितके दिवस गायब, त्याच्या दुप्पट राबवून घ्या.

तरी मुदत कधीतरी संपतेच, ही मोठी कटकट. तिच्यावरचा तोडगा कोर्टाने १६४० सालीच दाखवलाय. तीन नोकर मिळून मेरीलँडला पळाले, तिघेही सापडले. दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढली. तिसरा जॉन पंच, काळा. गुन्हा तोच, कोर्ट तेच, त्याला मात्र जन्मभर चाकरी. पुढे १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरवला. गाय तुमची तर वासरू तुमचं. बाप कोण हे विचारायचं नाही. तुम्हीच असाल तर मुळीच नाही.

आता कर. इथे डोईपट्टी चालते, आणि ती तंबाखूत भरायची. १६४३ पासून काळ्या बाईचं डोकं या पट्टीत धरलं जातं, गोऱ्या बाईचं नाही. तिच्या डोक्यावरची पट्टी तिनेच खुडलेल्या पानांतून जाते आणि करदाते म्हणून मिरवता तुम्ही. जमिनीच्या मानाने कर घ्या, असं कोणी सुचवलंच तर पावसापाण्याचा विषय काढा.

अशी शंभरेक वर्षं सुखात गेली की १७६५ उजाडतं. लंडनची पार्लमेंट तुम्हाला न विचारता स्टॅम्पचा कायदा करते. दस्तऐवजाला स्टॅम्प, वर्तमानपत्राला स्टॅम्प, पत्त्यांच्या जोडालासुद्धा एक शिलिंग! इथे मात्र गप्प बसायचं नाही. तिथे आमचा प्रतिनिधी नाही, मग कर कसला? माणसाला न विचारता त्याची कमाई उचलायची, याला गुलामगिरीच म्हणतात, असं टेबलावर मूठ आपटून सांगा. फक्त तेव्हा ग्लास भरायला उभ्या असलेल्या माणसाकडे बघू नका.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते जाहिरातीचं कलम. समजा, तुमचा एक माणूस पळालाय. अंगात निळा कोट, पाठीवर जुने वळ, आणून देणाऱ्याला बक्षीस, एवढंच छापायचंय. तर दर जाहिरातीमागे दोन शिलिंग राजाला. आणि तेही तुम्हाला न विचारता!