‘संपली की एकदम वाचतो’ म्हणणाऱ्या मित्रांनो

‘सगळे भाग येऊ देत बे, मग बसतो एकदम. आत्ता अर्धवट कशाला?’ सोलापुरात विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिका वाचणारे मुळात मूठभर, आणि त्यातलेही बरेच जण हे वाक्य टाकून मोकळे होतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. दोन-दोन वर्षं वाट बघायला नको, मधल्या काळात विसरायला नको, लेखक मध्येच गेला तर मन खट्टू व्हायला नको. माझं मत उलटं आहे. चांगल्या मालिका तिसऱ्या-चौथ्या भागात गचकतात, त्यात या शहाणपणाचा मोठा वाटा असतो.

कसा ते सांगतो. पुस्तकांच्या धंद्यात दुसऱ्या भागाची ऑर्डर पहिल्याच्या खपावरून ठरते. समजा एका दुकानाने पहिल्या भागाच्या १०० प्रती मागवल्या, ७० खपल्या, ३० परत गेल्या. दुसऱ्या भागाच्या वेळी दुकान ७०च मागवणार. त्यातल्या ५० गेल्या तर तिसऱ्याला ५०. सुट्या कादंबरीला नवा वाचक कधीही मिळू शकतो, पण मालिकेचा तिसरा भाग कोणी पहिला म्हणून उचलत नाही. त्यामुळे आकडा एकदा उतरायला लागला की वर चढणं अवघड. प्रकाशकही सहसा दोन-तीन भागांचा करार करतात आणि पुढचा करायचा की नाही ते सुरुवातीच्या भागांचा खप बघून ठरवतात. म्हणजे नववा भाग आल्यावर नऊच्या नऊ विकत घेणारा वाचक, मोजणी चालू असताना हजरच नसतो. आणि मग ‘बघ, मी म्हणत होतो ना, मालिका बंद पडली’ म्हणायला तोच पुढे.

मालिका अर्धवट राहण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ‘ड्यून’चा पहिला भाग १९६५चा, सहावा १९८५चा. सहाव्याचा शेवट लोंबकळत सोडून लेखक फ्रँक हर्बर्ट फेब्रुवारी १९८६मध्ये गेले. पुढे मुलाने दुसऱ्या एका लेखकाला सोबत घेऊन २००६ आणि २००७मध्ये दोन पुस्तकांत ती गोष्ट पुरी केली, पण ती मूळ मालिकेत धरायची की नाही यावर वाचक अजून भांडतात. असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’चा तिसरा खंड १९५३चा आणि चौथा १९८२चा, मध्ये २९ वर्षं. डेव्हिड गेरॉल्ड यांच्या ‘श्टोर’ मालिकेचा पहिला भाग १९८३ला आला. चौथा येऊन तीस वर्षं उलटून गेली, पाचव्याचा अजून पत्ता नाही. हे सगळं खरंच आहे. पण ‘ड्यून’चा पहिला भाग सहाव्यामुळे वाया गेला, असं तो वाचलेल्या कुणाच्याही तोंडून तुम्ही ऐकणार नाही. बऱ्या विज्ञानकादंबरीत एकेका भागाला स्वतःची एक कल्पना असते. ती त्या भागातच पुरी फिरवून दाखवलेली असते. शेवटच्या पानावर खुनी सापडण्यावर सगळं अडलेलं नसतं.

वाट बघायचीच नसेल तर त्यालाही मार्ग आहे. जर्मनीत ‘पेरी रोडान’ ही विज्ञानकथांची मालिका १९६१पासून दर आठवड्याला निघते आणि तिने ३०००चा अंक केव्हाच ओलांडला. ते जमतं कारण लिहिणारा एकटा नाही. आधी आराखडा ठरतो, मग लेखकांचा संच अंक वाटून घेतो. एका माणसाने एका सुरात लिहिलेलं हवं असेल तर वर्षं जाणारच.

आता ज्यांना वाट बघायची आहे त्यांच्यासाठी.

पहिला प्रश्न नेहमीचा, येणार कधी? लेखक ‘लिहितोय’ म्हणाला तर त्याचा काही उपयोग नाही. ‘प्रकाशकाकडे मसुदा दिला’ म्हणाला की तिथून साधारण नऊ महिने ते एक वर्ष मोजायला लागा. संपादकाच्या सूचना, त्यावर लेखकाचा पुन्हा हात, भाषेची तपासणी, मांडणी, मुद्रितं, छपाई, दुकानांपर्यंत वाहतूक, या सगळ्याला एवढा वेळ लागतोच. मसुदाच दिलेला नसेल तर यंदा पुस्तक नाही, विषय संपला. ऑनलाइन दुकानात ३१ डिसेंबर किंवा १ जानेवारी अशी तारीख दिसली तर हुरळून जाऊ नका. ती बहुतेक वेळा रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलेली असते. जानेवारीतली आपली गड्ड्याची यात्रा भरून उठेल तरी पुस्तक यायचं नाही. खरी तारीख ओळखायची खूण सांगतो. अमेरिकेत नवी पुस्तकं सहसा मंगळवारी येतात, ब्रिटनमध्ये गुरुवारी. तारीख त्या वारी पडत असेल आणि सोबत मुखपृष्ठ, पृष्ठसंख्या, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सगळं लागलेलं असेल, तर धरून चाला.

अंतर वाढत जातं हेही गृहीत धरा. ‘द एक्सपान्स’ ही तर दोघांनी मिळून लिहिलेली, शिस्तीची मालिका. २०११ ते २०१५ दरवर्षी एक असे पाच भाग आले. सातवा डिसेंबर २०१७, आठवा मार्च २०१९, नववा नोव्हेंबर २०२१. म्हणजे सातव्यानंतर १५ महिने आणि आठव्यानंतर ३२. शेवटाकडे जाताना लेखकाला आधीच्या सगळ्या भागांतले धागे सांभाळावे लागतात, वेळ तिथे जातो. याच मालिकेची टीव्हीवरची आवृत्ती सहाव्या कादंबरीपाशी थांबली, त्यामुळे फक्त ती बघून ‘संपली की’ म्हणणाऱ्यांनी तीन जाडजूड भाग बाकी आहेत हे लक्षात घ्यावं.

मधल्या काळात सगळ्यात उपयोगी पडते ती वही. भाग संपल्यावर आठवड्याच्या आत लिहायची, फक्त चार पानं. दोन वर्षांनी प्रसंग आठवतात पण नावं जातात, आणि नवा भाग उघडला की पहिल्या पानापासून नावंच लागतात.

पहिलं पान माणसांचं. नाव, कोणत्या यानावर, शेवटचा कुठे होता, आणि जिवंत, मेला किंवा ‘मृतदेह सापडला नाही’ यांपैकी एक. तिसरा शेरा ज्याच्यापुढे असेल त्याच्यावर लक्ष ठेवा, तो परत येतो.

दुसरं पान कुणाला काय माहीत आहे याचं. अशा कादंबऱ्यांत प्रकरणागणिक गोष्ट वेगळ्या पात्राच्या नजरेतून येते. आपल्याला सगळ्यांचं सगळं कळलेलं असतं, पात्रांना नसतं. कॅप्टनला गद्दार कोण ते माहीत आहे की फक्त आपल्याला, हे विसरलात तर पुढच्या भागातला अर्धा ताण हातातून गेला.

तिसरं पान नियमांचं. यानाला इथून तिथे जायला किती दिवस लागतात, निरोप पोचायला किती वेळ, यंत्राला काय जमत नाही. पृथ्वीवरून मंगळावर रेडिओ निरोप जायला, दोघांमधल्या अंतरानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. लेखक हे पाळत असेल तर त्याच्या दोन ग्रहांवरच्या माणसांत फोनसारखं बोलणं होऊच शकत नाही, रेकॉर्ड केलेले निरोप जातात. पुढच्या भागात अचानक समोरासमोर बोलायला लागले, तर एकतर लेखक घसरलाय किंवा काहीतरी नवीन सापडलंय. हे पान असेल तरच तो फरक पकडता येतो.

चौथं पान उधारीचं. लेखकाने उघडे ठेवलेले प्रश्न एकाखाली एक लिहायचे आणि पुढच्या भागात फिटले की खोडायचे. दोन-तीन भाग झाले तरी न फिटलेली उधारी दोन प्रकारची असते. त्या गोष्टीचा प्रत्येक भागात ओझरता का होईना उल्लेख येत असेल, तर लेखकाने ती शेवटासाठी राखून ठेवली आहे. उल्लेखच बंद झाला असेल तर बहुधा विसरला. अंदाज बांधायचा नाद असलेल्यांनी याच पानावर तारीख घालून अंदाज लिहावेत, म्हणजे नंतर ‘मी आधीच सांगितलं होतं’चे दावे तपासता येतात.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, लोक कथेचा सारांश लिहायला बसतात, पंधरा पानं होतात आणि दुसऱ्या भागानंतर वही सुटते. सारांश कुठेही मिळतो, तो लिहूच नका. दुसरी, पृष्ठक्रमांक टिपणं. आवृत्ती बदलली की क्रमांक बदलतात, ई-पुस्तकात तर धड नसतातच. प्रकरणाचा क्रमांक लिहा. आणि ‘वही कशाला, गुगल आहे की’ म्हणणाऱ्यांनी पात्राचं नाव टाइप करून बघावं. नाव पुरं व्हायच्या आत खाली सूचना येते, अमुक पात्राचा मृत्यू कोणत्या भागात. झालं वाटोळं.

नवा भाग यायच्या आधी आख्खी मालिका पुन्हा वाचायची का? नको. नऊ भाग, प्रत्येकी साडेपाचशे पानं धरली तर पाच हजारांच्या आसपास जातात. नोकरी-धंदा सांभाळून रोज २५ पानं म्हणजे २०० दिवस. बरेच जण तिसऱ्या भागात थकतात आणि नवं पुस्तक येतं तेव्हा जुनंच हातात असतं. त्यापेक्षा शेवटचा आलेला भाग पूर्ण, त्याच्या आधीच्याचा शेवटचा पाव हिस्सा, आणि पहिल्या भागाची सुरुवातीची प्रकरणं, एवढं पुरतं. पहिल्याची का? मालिका गुंडाळायला घेतली की लेखक सुरुवातीच्या खुणांकडे वळतात म्हणून. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन-येऊन असणाऱ्यांना चार तास जायला, चार यायला मिळतात. अशा तीन फेऱ्यांत हे सगळं उरकतं.

मध्ये येणाऱ्या छोट्या कादंबऱ्या सोडू नका. बरेच जण त्यांना जोडपत्र समजतात. ‘द एक्सपान्स’मध्ये २०१७ची एक छोटी कादंबरी आहे. ती न वाचता आठव्या भागात गेलात तर त्यातल्या दोन मुलांचा संदर्भ अर्धवट लागतो. सुट्या शोधत बसायला नको, २०२२मध्ये सगळ्या एका संग्रहात आल्या आहेत. वाचायच्या मात्र प्रकाशनाच्या क्रमाने, कथेतल्या काळाच्या क्रमाने नाही. काळाच्या क्रमाने वाचलं की लेखकाने पुढे उघड करायला ठेवलेलं आधीच कळतं.

आता कागदी पुस्तकांचं. आपल्याकडे येते ती बहुधा ब्रिटिश आवृत्ती. ती आधी मोठ्या आकारात निघते, साधारण २३४ बाय १५३ मिलिमीटर, आणि वर्षभराने १९८ बाय १२९च्या छोट्या आकारात. घाईघाईत घेत गेलात तर फळीवर दोन लहान, एक मोठं, मग पुन्हा लहान असे दात दिसतात. त्यात मधेच मुखपृष्ठांची मालिका बदलली तर आणखी वैताग. यावर उपाय म्हणजे आल्या दिवशी ई-पुस्तक वाचायचं आणि कागदी प्रत वर्षभराने छोट्या आकारातच घ्यायची. दोनदा पैसे जातात, मान्य. न परवडणाऱ्यांनी छोट्या आकाराची वाट बघावी किंवा वाचनालयात मागणी नोंदवावी. एकाच पुस्तकासाठी चार-पाच सभासदांनी लेखी मागणी दिली की ती डावलणं अवघड जातं.

पार्सल आलं की परतीची मुदत संपायच्या आत पृष्ठक्रमांक तपासा. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांनी बांधलेलं असतं, एकेक सोळा किंवा बत्तीस पानांचा. चूक झाली तर आख्खा फर्मा गायब असतो, दोनदा लागलेला असतो किंवा उलटा बसलेला. फुटपाथवरच्या नकली प्रतीत हे सर्रास, पण अस्सल प्रतीतही होतं, आणि कळतं ते थेट पान ३५२ नंतर ३८५ आल्यावर.

जाड पेपरबॅक एकदम मधून उघडू नका. कणा टेबलावर टेकवा, दोन्ही कव्हरं खाली सोडा. मग पुढची दहा-पंधरा पानं हलकेच दाबा, तेवढीच मागची, पुन्हा पुढची, असं करत मध्यापर्यंत या. दोन मिनिटांचं काम आहे, पण सहाशे पानी पुस्तकाच्या कण्यावर मग चीर पडत नाही. आपल्या इथे याची जास्त गरज. मे महिन्यात पारा ४४च्या वर गेला की पत्र्याखालच्या किंवा स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावरची पुस्तकं भाजून निघतात, कण्याचा डिंक कडक होतो आणि वर्षा-दोन वर्षांत पानं गठ्ठ्याने सुटतात. भिंतीतलं कपाट, खालचे कप्पे, तेही पश्चिमेची भिंत सोडून. पावसाळ्यात कसर लागते, तेव्हा महिन्यातून एकदा पुस्तकं काढून झटका.

मराठीत अशी मालिका का नाही, हे दर दिवाळीला कुणीतरी विचारतं. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने आली, तेव्हापासून आपल्याकडे कथा भरपूर झाल्या, सुट्या कादंबऱ्याही झाल्या. पण आवृत्ती साधारण हजार प्रतींच्या आसपासची. वर सांगितलेली उतरती ऑर्डर तिला लावून बघा. दुसऱ्या भागालाच प्रकाशक हात वर करणार. माझ्या मते यावर दिवाळी अंक हाच तोडगा आहे. अंक वर्षातून एकदा ठरल्या वेळी निघतो, तो त्या एका कथेवर विकला जात नाही, आणि वाचकाला वर्षभर थांबायची सवय आधीपासून आहे. एखाद्या संपादकाने एका लेखकाला पाच वर्षं तीस-तीस पानं द्यावीत, सुरुवातीला मागच्या वर्षीचं अर्ध्या पानात सांगावं. खर्च फारसा वाढत नाही.

शेवटचं, रहस्यफोडीचं. ई-पुस्तक पहिल्याच दिवशी फोनवर येतं, आपलं पार्सल सोलापुरात यायला चार-सहा दिवस जातात. तेवढ्या काळासाठी एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) मालिकेचं नाव, नव्या भागाचं नाव, मुख्य पाच-सहा पात्रं आणि यानाचं नाव हे शब्द म्यूट करा. यानाचं नाव लोक विसरतात आणि तिथेच फटका बसतो. यूट्यूब शक्यतो उघडूच नका, तिथे चित्रातच सगळं सांगून टाकतात. ग्रुपवर लिहिणाऱ्याने पहिल्या ओळीत भाग आणि प्रकरण लिहावं, खाली वीसेक ओळी नुसते टिंब टाकावेत आणि मग बोलावं. व्हॉट्सअॅप लांब मजकूर आपोआप दुमडतं. टेलिग्रामवर तर मजकूर झाकायची सोयच आहे.

या पोस्टखालीही तोच नियम. ‘द एक्सपान्स’च्या नवव्या भागात कोण मरतं ते कमेंटमध्ये लिहिणाऱ्याची कमेंट उडवली जाईल, ओळखीचा असला तरी.