‘फक्त ग्राफिक्स कार्ड बघायचं’ असे लिहिणाऱ्या वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन अभ्यास आणि बेताचे गेमिंग यांसाठी लॅपटॉप कसा निवडावा, या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया आली. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती इथे जशीच्या तशी देतो : ‘लेख वाचून करमणूक झाली. लॅपटॉप घेताना फक्त ग्राफिक्स कार्ड बघायचं, बाकी सगळं नंतर बदलता येतं. कार्डाच्या वॅटचा लेखात पत्ताच नाही. डेस्कटॉपचा विचार नाही, मॅकवर एक ओळ, जुन्या लॅपटॉपवर तीही नाही. असले लेख लिहिणाऱ्यांनी आधी एखादा गेम खेळून बघावा.’ प्रतिक्रियेखाली आपण नाव लिहिलेले नाही, तेव्हा नुसते ‘आपण’ म्हणूनच पुढे जातो.

मतभेदाचे मला वावडे नाही. माझ्या लेखांखाली माझ्या विरोधात लिहिलेले पुष्कळ काही आजही जागच्या जागी आहे. पण ‘करमणूक झाली’ अशी सुरुवात करणाऱ्याला चर्चा करायची असते की चारचौघांत समोरच्याचा पाणउतारा करायचा असतो, हे मला खरोखरच कळलेले नाही. हा लेख ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांच्यापैकी बहुतेकांचा हा पहिलाच स्वतःचा संगणक असणार. आपल्याला काय लागते हे त्यांना अजून नीटसे ठाऊक नसते, आणि विक्रेता जे पुढे करील ते चांगलेच असणार, असे मानण्याकडे त्यांचा कल असतो. असा मुलगा किंवा मुलगी लेख संपवून खाली येते, तेव्हा आपली ती पहिली ओळ वाचून तिच्या पदरात काय पडते? ‘अमुक विधान मला पटले नाही’ असे लिहायला काही वेगळे कष्ट पडत नाहीत. तसे लिहिले असते तर हे उत्तरही निम्म्या लांबीत आटोपले असते.

आणि गेम खेळून बघण्याविषयी. ज्या काळी व्हूडू या जुन्या ग्राफिक्स कार्डाला त्रिमितीपलीकडचे काही येत नसे, साध्या चित्रासाठी संगणकात दुसरे कार्ड ठेवावे लागे आणि दोन्ही कार्डे मागच्या बाजूने एका आखूड केबलने एकमेकांना जोडावी लागत, त्या काळापासून मी गेम खेळतो आहे. पुढे बरीच वर्षे एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळली. विद्यार्थ्यांचे लॅपटॉप तिथे रोज टेबलावर येत, काही बिजागरी तुटलेले, काही धुळीने पंखा बसलेले, काही चहा प्यायलेले. तेव्हा गेम खेळलेला नाही, हा आरोप निदान माझ्यावर तरी करू नये. आपल्या अनुभवाविषयी मला काहीच माहिती नाही, कारण आपण तो कुठे सांगितलेलाच नाही.

एक गोष्ट न्यायाने मान्य करतो. लेखातील तक्त्यात कार्डांची नावे दिली होती, त्यांच्यापुढे वॅट, म्हणजे त्या कार्डाला किती वीज मिळते हे, दिले नव्हते. तक्ता आटोपशीर राहावा एवढाच हेतू होता, तरी हा तपशील असता तर बरे झाले असते. गंमत अशी की हा आक्षेप माझ्या लेखापेक्षा आपल्याच आधीच्या वाक्याच्या मुळावर येतो. एनव्हिडिया या कंपनीच्या कार्डांची आरटीएक्स ३० मालिका लॅपटॉपांत आली त्या वेळी, म्हणजे २०२१ मध्ये, कंपनीने कार्डाच्या नावापुढचे ‘मॅक्स-क्यू’ हे बिरुद काढून टाकले. तोपर्यंत निदान त्या बिरुदावरून कमी विजेवर चालणारे कार्ड ओळखू येत असे. आता आरटीएक्स ४०६० या एकाच नावाखाली ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतची कार्डे विकली जातात, आणि त्याच्या खालच्या ४०५० चा पल्लाही नेमका तेवढाच आहे. म्हणजे पातळ लॅपटॉपात ४५ वॅटवर अर्धपोटी ठेवलेले ४०६० हे पोटभर वीज मिळणाऱ्या ४०५० च्या मागे पडू शकते. किती वॅट द्यायचे हे कोण ठरवते? लॅपटॉपातील उष्णतावाहक नळ्या, पंखे, बाहेर हवा सोडण्याच्या फटी आणि चार्जर. म्हणजेच ‘बाकी सगळं’. जे कार्ड बाकीच्या यंत्रावाचून आपले काम करू शकत नाही, ते एकटेच बघून लॅपटॉप कसा घ्यायचा, हे आपण समजावून सांगितले असते तर मी ऋणी झालो असतो.

आता त्या वाक्याच्या उत्तरार्धाकडे येतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे. ‘बाकी सगळं नंतर बदलता येतं’ हे डेस्कटॉपच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे आहे. लॅपटॉपच्या बाबतीत असे म्हणणाऱ्याने मागचे झाकण कधी उघडले असेल का, अशी शंका येते.

झाकण उघडल्यावर काय दिसते ते सांगतो. प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने ८ जीबीचा लॅपटॉप आणला होता आणि ‘रॅम वाढवून द्या’ एवढीच तिची मागणी होती. खालचे स्क्रू काढले, कडेने प्लास्टिकची पट्टी फिरवून झाकण सोडवले. रॅम असायला हवी तिथे एक पातळ पत्र्याचे आवरण होते आणि त्याखाली काळ्या चौकोनी चिप थेट मदरबोर्डवर डाखलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी तेवढ्याच आकाराच्या रिकाम्या जागा होत्या, त्यांवर डाखाचे चकचकीत ठिपके होते, पण चिप नव्हत्या. १६ जीबीच्या मॉडेलमध्ये त्या जागा भरलेल्या येतात. स्लॉट एकही नव्हता. बोर्ड तोच, किमतीतील फरकही फारसा नव्हता, पण तो निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यायचा होता. तिला कुणीतरी सांगितले होते की रॅम काय, कधीही वाढवता येते. ते आपण नव्हता, हे मी गृहीत धरतो.

एलपीडीडीआर५ या नावाची रॅम लिहिलेली असेल तर ती जवळजवळ नेहमीच अशी डाखलेली असते. साधी डीडीआर५ असेल तर बहुधा स्लॉट असतात, पण ते किती, त्यांतला एखादा मोकळा आहे का, हे घेण्यापूर्वीच बघावे लागते. एकाच स्लॉटमध्ये एकच पट्टी असली तर रॅमकडे जाणारा रस्ता निम्म्याच रुंदीचा राहतो, आणि स्वतंत्र कार्ड नसलेल्या लॅपटॉपात त्याचा फटका गेममध्ये सरळ दिसतो, कारण तिथे चित्राचे कामही त्याच रॅमवर चालते.

प्रोसेसरही असाच बोर्डवर डाखलेला असतो, तेव्हा त्याच्या नावाकडे डोळे उघडे ठेवून बघणे भाग आहे. इंटेलच्या आय७-१३५५यू मध्ये दोन मोठे आणि आठ लहान कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, तर आय५-१३५००एच मध्ये चार मोठे आणि आठ लहान. नावात सात असलेला प्रोसेसर इथे पाच असलेल्याच्या मागे राहतो, कारण पहिला १५ वॅटच्या वर्गातला आणि दुसरा ४५ वॅटच्या. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू हा तर २०२३ च्या नावाने खपला, पण त्यातील तिसरा अंक २ हा ‘झेन २’ आराखड्याचा आहे, आणि तो आराखडा २०१९ मध्ये आला होता. कंपायलर चालवणाऱ्याला, सिम्युलेशन लावून बसणाऱ्याला किंवा अँड्रॉइड स्टुडिओत एम्युलेटर उघडणाऱ्याला यातील फरक पहिल्याच सत्रात कळतो.

पडद्याविषयी आपण म्हणाल की पॅनेल बदलून मिळते. मिळते, पण त्या लॅपटॉपाला बसणारे, त्याच जोडणीचे आणि खरोखर चांगल्या रंगांचे पॅनेल शोधून ते बसवून घेणारे विद्यार्थी मी तरी विरळाच पाहिले. कार्डावर भर देणाऱ्या स्वस्त गेमिंग लॅपटॉपात काटछाट सर्वांत आधी पडद्यावर होते. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ आणि ‘२५० निट्स’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पहिल्याचा अर्थ असा की एसआरजीबी या संगणकाच्या नेहमीच्या रंगपट्ट्यातील रंगांपैकी सुमारे एकतृतीयांश रंग तो पडदा दाखवूच शकत नाही, आणि गर्द लाल रंग त्यावर विटकरी होऊन येतो. दुसरा आकडा पडद्याच्या उजेडाचा, आणि त्याचा अर्थ असा की खिडकीशेजारच्या बाकावर बसले की अक्षरांपेक्षा स्वतःचा चेहराच अधिक स्पष्ट दिसतो. त्या पडद्याकडे विद्यार्थ्याला रोज कित्येक तास बघायचे असते, आणि गेमही अखेर त्यातूनच दिसतो. तो १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, असला म्हणून रंग सुधारत नाहीत.

बॅटरीचेही तसेच. ती बदलता येते, पण तिच्या जागी तेवढीच येते, मोठी नाही. ५० वॅट-तासांच्या बॅटरीवर ८० वॅटचे कार्ड चालवायचे म्हटले, तर प्रोसेसर आणि पडदा यांचा वाटा न धरताही पाऊण तासाच्या आत खेळ आटोपतो. म्हणूनच चार्जर काढताच बहुतेक गेमिंग लॅपटॉप कार्डाचे वॅट आपोआप खाली आणतात. विमानप्रवासात सहज नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्याने उत्पादकही सहसा त्यापलीकडे जात नाहीत. म्हणजे मोठ्या कार्डाची खरी ताकद भिंतीतल्या सॉकेटपाशीच मिळते, आणि तिथवर नेण्यासाठी अडीच किलोच्या लॅपटॉपासोबत अर्धा किलो किंवा त्याहून जड चार्जरही खांद्यावर वागवावा लागतो. माझ्या लेखात ६५ किंवा १०० वॅटच्या यूएसबी-सी चार्जरवर चालू शकणाऱ्या लॅपटॉपाला झुकते माप दिले होते ते याच कारणाने : वर्गात लहान चार्जर पुरतो, मोठा खोलीवर राहतो. त्यावर आपण एक शब्दही लिहिलेला नाही. लेख शेवटपर्यंत वाचला नसावा, असे म्हणण्याचा मोह आवरतो.

कार्डाला महत्त्व नाही, असे मी कुठेही लिहिलेले नाही. स्वतःची मेमरी ४ जीबीच असलेले कार्ड नव्याने घेऊ नये, ६ जीबी ही किमान पायरी मानावी आणि जमल्यास ८ जीबी घ्यावे, हे लेखात स्पष्ट आहे. पण विषय बेताच्या गेमिंगचा होता. १०८० रेषांच्या पडद्यावर, मध्यम ते उच्च सेटिंगवर, सेकंदाला ६० फ्रेम ज्याला पुरतात, त्याच्यासाठी प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि नीट वीज मिळणारे ४०५० हे काम बहुतेक गेममध्ये करते. एखाद्या अवजड गेममध्ये टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणावी लागेल. ज्याला तेवढेही सोसत नसेल तो बेताचे गेमिंग करणारा नव्हे, आणि माझा लेख त्याच्यासाठी नव्हता. तो बहुधा आपल्यासाठी नव्हता.

उरलेल्या आक्षेपांवर फार वेळ घालवत नाही. डेस्कटॉप त्याच पैशात अधिक ताकदवान असतो, हे सर्वज्ञात आहे. नाव एकच असले तरी डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी असते आणि लॅपटॉपातल्यात ८ जीबी, हेही मी जाणतो. परंतु डेस्कटॉप पाठीवर घेऊन प्रात्यक्षिकाला जाता येत नाही, आणि लेखाच्या शीर्षकातच लॅपटॉप हा शब्द होता. मॅकवर एकच ओळ लिहिली, कारण तेवढीच पुरेशी होती : यंत्रांचे आराखडे काढण्याचे सॉलिडवर्क्स त्यावर थेट चालत नाही, एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालणाऱ्या कुडा या प्रणालीवर आधारलेला अभ्यासक्रम असेल तर तो अडतो, आणि बरेच गेम तिथे येतच नाहीत. जुन्या लॅपटॉपाचा विषय स्वतंत्र आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातील सुरक्षेची सोय लागते, एवढे ध्यानात ठेवून ज्याला घ्यायचा त्याने तो खुशाल घ्यावा.

लेखातील तक्त्यात वॅटचा स्तंभ मी या आठवड्यात घालतो आहे. प्रत्येक मॉडेलचे आकडे उत्पादकाच्या माहितीपत्रकातून घेईन, आणि जे उत्पादक ते छापत नाहीत त्यांची मॉडेले तक्त्यातून काढून टाकीन. आपल्याला पुन्हा लिहावेसे वाटले, तर आपण स्वतः कोणता लॅपटॉप वापरता, त्यातील कार्डाला किती वॅट मिळतात आणि त्याची रॅम डाखलेली आहे की स्लॉटमध्ये, हे अवश्य कळवावे. करमणुकीचा उल्लेख या खेपेस वगळला तरी चालेल.