‘केजन गोऱ्यांचं, झायडेको काळ्यांचं’? मग हे फिडल कुणाचं?

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याच्या संगीताबद्दल एक ठरावीक मजकूर फिरत असतो. ह्यूस्टन-डॅलसकडच्या एखाद्या मराठी ग्रुपवर कुणी विचारावं, ‘लाँग वीकेंडला लाफायेतला निघालोय, तिथे काय ऐकू?’, की थोड्या वेळात तो कुणीतरी चिकटवतोच. मजकूर थोडक्यात असा: केजन हे गोऱ्या फ्रेंच लोकांचं संगीत आणि झायडेको हे काळ्या क्रिओल, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या लोकांचं. केजन संगीत कॅनडातून हाकलून दिलेल्या लोकांनी जसंच्या तसं सोबत आणलं. त्याचा जीव ॲकॉर्डियनमध्ये, फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, फक्त साथीला. ज्याला व्हायोलिन येतं त्याला हे फिडल चार दिवसांत जमतं. आणि हे सगळं लवकरच इतिहासजमा होणार आहे, तेव्हा आत्ताच ऐकून घ्या.

लक्षात ठेवायला फारच सोयीचा मजकूर आहे. पण तो लिहिणाऱ्यानं फिडलकडे नीट पाहिलेलं नाही, आणि पहिलं वाक्य तर फिडलमुळेच कोसळतं.

‘केजन गोऱ्यांचं, झायडेको काळ्यांचं’

डिसेंबर १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला कोलंबिया कंपनीनं एका जोडीचं ध्वनिमुद्रण केलं. ॲकॉर्डियन आणि गळा अमेदे आर्द्वांचा, म्हणजे एका काळ्या क्रिओल माणसाचा. फिडल डेनिस मॅगीचं, म्हणजे एका गोऱ्या केजन माणसाचं. दोघं एकाच मालकाची जमीन अर्धेलीनं कसत आणि नाचाच्या रात्री एकत्र वाजवत. काळ्या-गोऱ्यांना कायद्यानं वेगळं ठेवणाऱ्या ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९६ साली शिक्का मारला, तो होमर प्लेसीचा खटला याच राज्यातून गेलेला. अशा ठिकाणी, अशा काळात या दोघांनी जे वाजवलं, ते पुढे केजन ॲकॉर्डियनचा पाया ठरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्याच्यामुळे ॲकॉर्डियन पुन्हा लोकप्रिय झालं, तो गोरा वादक आयरी लज्यून आर्द्वांच्या तबकड्या ऐकूनच घडला होता. मग ‘गोऱ्यांचं संगीत’ नेमकं कुठून सुरू होतं?

पण म्हणून इथे बंधुभावाची गोड गोष्ट रंगवायचं कारण नाही. गोऱ्यांच्या घरच्या नाचात आर्द्वां पाहुणा नव्हता, वाजवणारा मजूर होता. घाम पुसायला एका गोऱ्या बाईनं दिलेला रुमाल त्यानं घेतला आणि त्यापायी त्याला बेदम मारहाण झाली, असं जुनी माणसं सांगत आली. १९४२ साली पाइनव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात तो वारला. कबरीवर खूणही राहिली नाही. ओपेलूसास गावात त्याचा पुतळा उभा राहिला तो थेट २०१८ मध्ये. गाणी एकमेकांत मिसळली, माणसांना मिसळू दिलं नाही. मजकुरातली वाटणी माणसांची आहे आणि ती संगीताच्या माथी मारली आहे.

वाटणीचा दुसरा भागही पाहा. झायडेको ज्या रूपात आज ओळखलं जातं ते महायुद्धानंतरचं: क्लिफ्टन शेनिएरचं पियानो ॲकॉर्डियन, छातीवर अडकवून वाजवायचा पन्हाळी पत्रा, ऱ्हिदम अँड ब्लूजचा दणका. त्यात फिडलला फारशी जागा उरली नाही. पण त्याआधी क्रिओल घरांमधून जे नाच होत, ज्यांना ते ‘ला-ला’ म्हणत, तिथे फिडल असायचंच. डग्लस बेलार्ड हा काळा फिडलवादक आर्द्वांच्याही थोडा आधी, १९२९ मध्येच ध्वनिमुद्रित झाला. लॉटेल गावच्या कॅरिएर कुटुंबात बेबे आणि त्याच्या पुढच्या पिढीतला कॅल्विन ही दोन मोठी नावं. आणि कॅनरे फाँटनो! बासील गावाजवळच्या या मुलानं पहिलं फिडल सिगारच्या खोक्याचं केलं आणि तारा काढल्या दाराच्या जाळीतून. ब्वा सेक आर्द्वां या दुसऱ्या ॲकॉर्डियनवाल्याबरोबर त्याची जोडी आयुष्यभर टिकली. दोघं १९६६ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आले आणि १९८६ मध्ये दोघांना मिळून राष्ट्रीय वारसा पाठ्यवृत्ती मिळाली. ‘काळे म्हणजे झायडेको’ असं एकदा म्हटलं, की ही सगळी माणसं यादीतून गळतात. मला या मजकुराचा राग येतो तो मुख्यतः इथे.

आणखी मागे जायचं तर सॉलोमन नॉर्थअप आहेच. न्यूयॉर्क राज्यातल्या या स्वतंत्र काळ्या माणसाला १८४१ मध्ये पळवून गुलाम म्हणून विकलं गेलं आणि पुढची जवळजवळ १२ वर्षं त्यानं लुईझियानात काढली. मळेवाल्यांच्या मेजवान्यांत नाचासाठी त्याला फिडल वाजवायला नेत. ही हकिकत त्यानं सुटकेनंतर १८५३ मध्ये स्वतःच लिहून ठेवली आहे. तो फ्रेंच बोलणारा क्रिओल नव्हे. पण नाचाचं फिडल काळ्या हातांत किती आधीपासून होतं, हे त्यावरून कळतं.

‘कॅनडातून जसंच्या तसं आणलं’

आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या अकेडियन लोकांना, म्हणजे केजनांच्या पूर्वजांना, ब्रिटिशांनी १७५५ पासून देशोधडीला लावलं, हे खरं. पण ते काही बोटीत बसून सरळ लुईझियानात उतरले नाहीत. कुणी इंग्रजांच्या वसाहतींत विखुरले, कुणी फ्रान्सला पोचले, कुणी कॅरिबियन बेटांवर. लुईझियानात मोठ्या संख्येनं येणं १७६०च्या दशकात सुरू झालं आणि फ्रान्समध्ये अडकलेल्यांपैकी सुमारे १,६०० जण सात जहाजांतून आले ते १७८५ मध्ये. तीस वर्षांच्या या वणवणीनंतर काय ‘जसंच्या तसं’ राहणार?

आल्यावरही शेजारी होतेच. मॅगी हे आडनावच आयरिश, आणि डेनिसच्या घराण्यात मूळ अमेरिकी रक्तही होतं. त्याच्या वादनात रील, मझुर्का, कॉन्त्रदाँस असे जुने नाच टिकून राहिले. त्यातलं कुठलं अकेडियन, कुठलं आयरिश, कुठलं इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकनांकडून आलेलं, हे वेगळं काढणं अवघड आहे. ब्लूज या अमेरिकी काळ्यांच्या गाण्याची छटा तर कॅनडातून येणं शक्यच नव्हतं.

‘जीव ॲकॉर्डियनमध्ये, फिडल साथीला’

क्रम उलटा आहे. दहा बटणांचं जर्मन ॲकॉर्डियन या भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं आणि घरोघर पोचायला विसावं शतक उजाडलं. त्याआधी घरच्या नाचात दोन फिडलं असत: एक चाल वाजवणारं, दुसरं खालच्या तारांवर ठेका आणि स्वरांची बैठक धरणारं. त्या पद्धतीचं उत्तम दर्शन मॅगी आणि सेडी कूरविल यांच्या १९२९ च्या ध्वनिमुद्रणांत होतं. ॲकॉर्डियन नाही, फक्त दोन फिडलं, आणि तरी कुठे काही कमी पडत नाही.

पुढे ॲकॉर्डियन मागेही पडलं. १९३३ मध्ये लुडेरिन डार्बोनच्या फिडलभोवती हॅकबेरी रॅम्बलर्स उभे राहिले आणि साधारण १५ वर्षं तारवाद्यांचीच चलती होती. केजन गाण्यांतलं पहिलं देशभर गाजलेलं गाणंही याच काळातलं: हॅरी चोट्सनं १९४६ मध्ये म्हटलेलं ‘जोली ब्लोन’. चोट्स फिडलवाला. आणि तबकडी कुठली, तर ह्यूस्टनच्या गोल्ड स्टार कंपनीची! ह्यूस्टनमध्ये बसून ‘फिडल साथीला’ हे वाक्य पुढे ढकलताना निदान एवढं तरी ठाऊक असावं.

‘व्हायोलिन येत असेल तर चार दिवसांत जमतं’

हे वाक्य मी जास्त मनावर घेतो. कारण यावर विश्वास ठेवून पालक शाळेच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मुलाला जॅममध्ये, म्हणजे मिळून वाजवण्याच्या मोकळ्या बैठकीत, नेऊन बसवतात आणि ते बिचारं तासाभरात हिरमुसतं.

वाद्य तेच आहे, यात वाद नाही. डाव्या हातालाही काम बेताचं: बोटं पहिली पोझिशन सहसा सोडत नाहीत. सगळा मामला उजव्या हाताचा. ऑर्केस्ट्रात एक तार स्वच्छ वाजवायला शिकवतात, शेजारच्या तारेला गज लागला की ती चूक. इथे शेजारची मोकळी तार मुद्दाम लागू द्यायची असते. चाल एका तारेवर चालते, दुसरी खाली सतत गुणगुणत राहते आणि गज त्या दोन तारांमध्ये झुलतो. या झुलण्यातूनच नाचणाऱ्यांना ठेका मिळतो. ढोलकी-तबला नाही, ड्रम नाही, जुन्या बैठकीत फार तर लोखंडी त्रिकोण. लांब, गुळगुळीत गज ही ज्याची वर्षानुवर्षांची कमाई, त्याला ती बाजूला ठेवावी लागते. नवशिक्या माणसाला सोडायला काही नसतं, म्हणून कधी कधी तोच आधी पुढे जातो.

मग तारा लावण्याचं. ॲकॉर्डियन बहुतेक वेळा सी पट्टीचं असतं. म्हणून बरेच फिडलवाले चारही तारा पूर्ण एक स्वर उतरवून घेतात. बोटं डी पट्टीच्या सवयीच्या जागी पडतात आणि आवाज सीमध्ये येतो, शिवाय मोकळ्या तारा गुंजायला मिळतात. हे ठाऊक नसलेला मुलगा नेहमीच्या तारांवर झगडतो आणि सगळ्यांच्या फिडलचा आवाज आपल्यापेक्षा भरदार का, हे त्याला कळत नाही. गायकाची पट्टी बघून तारा उतरवणाऱ्या आपल्याकडच्या व्हायोलिनवाल्यांना यात नवल वाटणार नाही.

हिंदुस्थानी पद्धतीनं शिकलेल्यांना दोन गोष्टींत फायदा आहे. पहिली म्हणजे गंधार. इथला गंधार पुष्कळदा शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी बसतो, खालून घासत वर येतो. फाँटनोच्या ब्लूजमध्ये तर तो एका जागी थांबतच नाही. ट्यूनर लावून ही जागा सापडत नाही, कान लावूनच सापडते, आणि कान लावण्याची सवय आपल्याला असते. दुसरी म्हणजे कागदाशिवाय शिकणं. चालींची पुस्तकं आता मिळतात, पण गज कुठे वळवायचा, कुठली मोकळी तार सोबत घ्यायची, हे त्यांत बहुधा नसतं. मायकेल दूसेसारखा नावाजलेला वादकसुद्धा १९७०च्या दशकात मॅगी, ड्यूई बाल्फा, फाँटनो अशा बुजुर्गांच्या घरी जाऊन, समोर बसूनच शिकला.

तोटाही आहे. आपली मींड इथे फार लांबते. इथली घसीट अर्ध्या मात्रेत संपते, नाहीतर नाचणाऱ्याचं पाऊल चुकतं. आणि सम! कित्येक जुन्या चालींत एखाद्या ओळीला एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते, गाणाऱ्याला श्वास हवा तिथे चाल थांबते. आवर्तन मोजत बसणारा हमखास पडतो. ओळ मोजायची नाही, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं.

सुरुवात करायची तर माझं मत सरळ आहे: पहिल्या फिडलच्या मागे लागू नका, दुसरं धरा. खालच्या दोन तारांवर स्वरजोड्या, आखूड गज, पक्का ठेका, आणि चाल दुसऱ्या कुणाला तरी वाजवू द्यायची. ड्यूई बाल्फाच्या मागे त्याचा भाऊ विल हेच करायचा. त्यांचं वादन ऐकताना एकदा फक्त विलकडे कान ठेवून ऐका. युनिस गावात सॅव्हॉय यांच्या वाद्यांच्या दुकानात शनिवारी सकाळी जो जॅम भरत आला आहे, तिथेही मागच्या खुर्चीवर बसून हळू आवाजात दुसरं फिडल धरणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. पुढे येऊन मोझार्टच्या थाटात वाजवणाऱ्याकडे मात्र माना वळतात.

‘लवकरच इतिहासजमा’

हे १९५०च्या दशकात कुणी म्हटलं असतं तर मान डोलावली असती. १९२१ च्या राज्यघटनेनं शाळांत फक्त इंग्रजी ठेवली होती, फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत, आणि आईबापांची गाणी ही लाजेची गोष्ट बनली होती. पण १९६४ मध्ये ड्यूई बाल्फा न्यूपोर्टला वाजवून आला आणि उरलेलं आयुष्य त्यानं घरच्या लोकांना त्यांचंच संगीत पटवून देण्यात घालवलं. १९७४ मध्ये लाफायेतला झालेल्या मोठ्या मैफलीतून पुढे वार्षिक महोत्सव उभा राहिला. तिथल्या विद्यापीठात आज पारंपरिक संगीताची पदवी मिळते. लुई मिशोच्या फिडलवर उभ्या असलेल्या लॉस्ट बायू रॅम्बलर्सना २०१८ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही फ्रेंचमध्ये गाऊन.

क्रिओल फिडलबाबत मात्र मजकूर अगदीच खोटा नाही. फाँटनो १९९५ मध्ये गेला, बेबे कॅरिएर २००१ मध्ये, कॅल्विन त्यानंतर वर्षभरात. तरुण काळी मुलं लुईझियानात आजही ॲकॉर्डियन हौसेनं उचलतात, पण ते झायडेकोसाठी. फिडल उचलणारी बोटांवर मोजण्याइतकी. एडवर्ड पुलार्ड फाँटनोकडून शिकला आणि पुढे शिकवतो आहे. सेड्रिक वॉटसन, १९८३ चा जन्म, वाढला टेक्सासमधल्या सान फिलिपेत. फिडलसाठी तो लुईझियानात जाऊन राहिला आणि आज जुनी क्रिओल गाणी फ्रेंचमध्ये गातो. ‘काळ्यांचं ते झायडेको’ हे ऐकतच मोठ्या होणाऱ्या मुलाला आपल्या आजोबांच्या पिढीनं फिडल वाजवलं होतं, हे सांगणारी अशी माणसं थोडीच आहेत.