व्हीएफडी बसवल्याने पाऊच मशीनचे बिल निम्मे होत नाही

इंदूरच्या सांवेर रोडवरील नमकीन आणि मसाले पॅक करणाऱ्या कारखानदारांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. त्यात तीन दावे आहेत. प्रत्येक मोटारीला व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवला की वीजबिल निम्मे होते. जेवणाच्या सुट्टीत सीलिंगचे हीटर बंद करू नयेत, कारण पुन्हा तापवायला जास्त वीज लागते. आणि सील कच्चे पडू लागले तर हवेचा दाब वाढवावा, कारण हवा फुकटच असते.

पहिला दावा पंख्यांपुरता खरा आहे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग 80 टक्क्यांवर आणला की शक्ती सुमारे 51 टक्क्यांवर येते. संदेशातले ‘निम्मे’ बहुधा इथूनच आले असावे. कन्व्हेयरचा किंवा फिल्म ओढणाऱ्या रोलरचा टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) मात्र जवळपास स्थिर असतो. तिथे वेग घटवला तर पाकिटेही तेवढीच कमी निघतात आणि दर पाकिटामागची वीज जिथल्या तिथे राहते. जळालेली मोटार बदलायचीच असेल तर आयई3 (मोटारींच्या कार्यक्षमतेचा आयई2 च्या वरचा दर्जा) घ्यावी, पण अपेक्षा बेताची ठेवावी: 0.75 किलोवॉटच्या चार पोलच्या मोटारीत आयई2 ची कार्यक्षमता 79.6 टक्के, तर आयई3 ची 82.5 टक्के असते.

दुसरा दावा साफ चुकीचा आहे. जॉमधून (पाकीट दाबून सील करणाऱ्या तापत्या जबड्यातून) बाहेर जाणारी उष्णता जॉ आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते; जॉ निवत जातो तसा हा फरक कमी होतो, त्यामुळे बंद ठेवलेला जॉ तापत्या जॉपेक्षा कमीच उष्णता गमावतो आणि नंतर तेवढीच भरून द्यावी लागते. खरा तोटा असतो तो पुन्हा सुरू करताना वाया जाणाऱ्या लॅमिनेटचा, म्हणजे पाकिटाच्या फिल्मचा. म्हणूनच चहाच्या सुट्टीत हीटर बंद न करता सेटिंग उतरवावे आणि जेवणाच्या सुट्टीत बंद करावेत. श्रिंक टनेलमध्ये (गरम हवेने फिल्म आवळणाऱ्या बोगद्यात) ही बचत अधिक मोठी असते. तिथे हीटर बंद केल्यावर टनेल निवेपर्यंत पंखा आणि पट्टा चालू ठेवावा लागतो, एवढेच पथ्य.

हवा फुकट असती तर ती दाबून देणाऱ्या कॉम्प्रेसरला मीटर लागला नसता! त्याला दिलेली बहुतेक वीज उष्णता होऊन जाते, आणि दाब 1 बारने वाढवला की विजेचा खप साधारण 6 ते 7 टक्क्यांनी वाढतो. शिवाय सांध्यांतली गळतीही वाढते. सील कच्चे पडत असेल तर आधी जॉवरचे झिजलेले टेफ्लॉन आणि सैल झालेले थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) पाहावे. गळती मोजायला उपकरण लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सर्व मशीन बंद ठेवून, पण हवेची लाइन उघडी ठेवून, फक्त कॉम्प्रेसर चालू करावा आणि तो किती वेळ लोडवर (हवा भरत), किती वेळ अनलोडवर (हवा न भरता) जातो ते घड्याळ लावून लिहून काढावे. दर फेरीत 2 मिनिटे लोड आणि 6 मिनिटे अनलोड असेल, तर त्याच्या क्षमतेची 25 टक्के हवा नुसतीच गळते आहे. हा आकडा हाती आल्यावर साबणाचे पाणी घेऊन एकेक कपलिंग तपासावे, आणि व्हीएफडीचे कोटेशन त्यानंतर मागवावे.