कोणता सर्व्हर घेऊ?

आपली माहिती बड्या कंपन्यांच्या तावडीतून सोडवावी, असा माझ्या भाच्याचा आग्रह होता. "मामा, तिथे तुमच्यावर कोणी पाळत ठेवत नाही," असे तो म्हणाला, तेव्हा पाळत ठेवण्याजोगे आपल्या हातून काहीच घडलेले नाही या जाणिवेने मी जरा खट्टू झालो. तरीही मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खाते उघडायला बसलो.

पहिलाच प्रश्न आला : कोणता सर्व्हर? 2016 साली सुरू झालेल्या या जाळ्याला एक मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीने एकमेकांशी बोलतात आणि त्यांतला आपला कोणता, हे काहीही ठाऊक नसताना आपणच ठरवायचे असते. काही सर्व्हर तर 'आपल्याला इथे का यायचे आहे?' असेही विचारतात. 'भाचा ऐकत नाही' हे प्रामाणिक उत्तर बाजूला ठेवून मी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर चार ओळी खरडल्या आणि मंजुरीची वाट पाहत बसलो.

प्रवेश मिळाल्यावर कळले, की इथले खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याने मनात आणले तर तो ते वाचू शकतो. "पण तो वाचणार नाही, फार चांगला माणूस आहे," असे भाच्याने सांगितले. आधी माझे संदेश कोणी अनोळखी कंपनी चाळील अशी भीती होती. आता निदान चाळणाऱ्याचा स्वभाव कळला.

इथे काय दाखवायचे हे अल्गोरिदम ठरवत नाही. आपण ज्यांना अनुसरतो त्यांचेच लिखाण काळाच्या क्रमाने दिसते. मी एकट्या भाच्याला अनुसरत असल्यामुळे मला दिवसभर भाचाच दिसू लागला.

वास्तविक सामान्य माणसाचे विकेंद्रीकरणाशी वैर नाही. ईमेल विकेंद्रितच आहे, पण ते वापरण्यापूर्वी त्यावर कोणी व्याख्यान देत नाही. 2023 मध्ये मॅस्टोडॉनच्या अधिकृत ॲपने नवख्यांपुढे एक ठरावीक सर्व्हर आधीच मांडून ठेवला. भाच्याच्या मते ती तत्त्वांशी गद्दारी, माझ्या मते माणुसकी.

शेवटी आम्ही ताईला बोलावले.

"तिथे कोण कोण आहे?" तिने विचारले.

"तूर्त मी आणि मामा."

"मग तुम्ही फोनवरच का बोलत नाही?"

त्यावर भाच्याने फोन कंपन्या कोणकोणती माहिती साठवतात, ते तिला समजावून सांगायला सुरुवात केली.