'मर्या.' म्हणजे नेमकं काय मर्यादित?

रात्रीचे साडेदहा. कोल्हापुरात गंगावेशीत म्हशी उभ्या, धारा चालू. आमचे चौघांचे पेले अजून भरायचे होते. समोर एका संस्थेची पाटी, नावापुढं 'मर्या.' दिग्यानं वकिलाला डिवचलं, "ह्यांचं काय मर्यादित असतंय लगा? कर्ज वाटताना तर काय मर्यादा दिसत न्हाई."

"जबाबदारी," वकील म्हणाला. "संस्था बुडाली तर सभासदाचं जाईल ते शेअरपुरतं. घर, जमीन, म्हैस शाबूत."

झालं, अण्णा भडकले. त्यांची ठेव एका पतसंस्थेत अडकली आहे. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात घेऊन फिरतात. "आणि ठेवीदाराचं? त्याचं अमर्याद जायचं व्हय?"

वकिलाला विषय कुठलाही द्या, तो लंडनला जाऊन येतो. "अ‍ॅरन सालोमन म्हणून एक बूट करणारा होता," त्यानं सुरुवात केली. दिग्याचं दुकान चप्पल लाइनला, त्यामुळं तोही सरसावून बसला. "1892 ला त्यानं कंपनी काढली आणि आपलाच धंदा तिला विकला. कायद्याला सात सभासद लागायचे. बायको, पाच पोरं आणि हा. 20,007 शेअर, त्यातले 20,001 ह्याचे, बाकीच्यांना एकेक. कंपनी बुडाली. उधारीवाल्यांचं म्हणणं, कंपनी म्हणजे हाच की, ह्याच्याकडनं वसूल करा. 1896 ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, निकाल दिला: कंपनी ही वेगळी व्यक्ती, सालोमन वेगळा."

"म्हणजे उद्या मीच माझं दुकान मला विकायचं आणि चामडेवाल्याला सांगायचं, त्या दुसऱ्या माणसाला भेट?"

"कागद नीट केलास तर, जवळजवळ तसंच."

दूध आलं. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. धारोष्ण दुधापुढं कंपनी कायदा टिकत नाही.

मग मी तोंड घातलं. कंपनी ही पूर्वी अशी कुणीही उठून काढायची गोष्ट नव्हती. 31 डिसेंबर 1600 ला एलिझाबेथ राणीनं ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती पंधरा वर्षांची. पुढं तर दर वीस वर्षांनी पार्लमेंटसमोर उभं राहावं लागे, नव्या अटी घालून घ्याव्या लागत. 1813 च्या सनदेत हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये बाजूला काढायची अट होती.

"म्हणजे सीएसआर, कंपनीनं समाजासाठी करायचा खर्च!" दिग्या.

"कसला सीएसआर," वकील उसळला. "तो लाख आपल्याच सारावसुलीतला. 2013 च्या कंपनी कायद्यातला सीएसआर कंपनीच्या स्वतःच्या नफ्यातला असतो. मागच्या तीन वर्षांच्या सरासरीचे दोन टक्के. तेही मोठ्या कंपन्यांनाच."

हे त्याचं बरोबर होतं, मला मान्य करावं लागलं. पण 1844 काही मी सोडला नाही. इकडं सामानगड-पन्हाळ्यावर किल्ले राखणारे गडकरी कंपनी सरकारच्या अंमलाविरुद्ध उठले होते, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये कायदा झाला की कंपनी काढायला राजाची सनद नको, पार्लमेंटचा खास कायदा नको, नोंदणी केली की झालं. मर्यादित जबाबदारी त्यानंतर, 1855 ला. माझं म्हणणं एवढंच, की सनद असताना 'तुम्ही कशासाठी आहात' हे वीस वर्षांनी का होईना, कुणीतरी विचारायचं. नोंदणीत तो रकाना भरला की कायमचा मिटला.

"मग काय, परत राजाच्या दारात जायचं?" वकील म्हणाला. "सनद मिळायची वशिलेवाल्याला. 1950 ला प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी साखर कारखाना उभा केला. बुडाला तर घरादारावर जप्ती, असं असतं तर शेतकऱ्यानं शेअर घेतला असता? तो जो 'मर्या.' आहे ना, त्याच्या जिवावर गरिबानं पैसे घातलेत."

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

दिग्या मात्र 'कंपनी ही व्यक्ती' ह्यावरच अडकला होता. गेल्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये, प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये थेट कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, नाव कोल्हापूरचं नाही. बोंबाबोंब झाल्यावर प्रेरणा कुठली ते कबूल केलं. "आता कंपनी जर व्यक्ती, तर लाज कुणाला वाटली म्हणायची? कंपनीला का मालकाला?"

"लाज शेअरच्या प्रमाणात वाटून घ्यायची," अण्णा म्हणाले. बऱ्याच वेळानं हसले.

म्हशीवाला पेले गोळा करत ऐकत होता. "आमचं कुठं मर्या. हाय? दूध नासलं की घरातनंच जातंय."

उठता उठता वकिलानं अण्णांना धीर दिला. सहकार कायद्यात कलम 88 आहे, संचालकांनी घोळ घातला असेल तर वसुली त्यांच्या घरावर येते, 'मर्या.' तिथं कामाला येत नाही.

"88 ची चौकशी चालूच हाय की," अण्णा पावती खिशात सारत म्हणाले. "सुरू झाली तवा नातू बालवाडीत होता. औंदा धाव्वीला हाय."