एनएच-९० ही न्यूझीलंडची घोडचूक होती का?

लष्करी विमानांची आवड असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: न्यूझीलंडने जुनी ह्यूई हेलिकॉप्टरं काढून युरोपियन एनएच-९० घेतली, ही घोडचूक होती. नॉर्वेने ती परत केली, ऑस्ट्रेलियाने मोडून पुरून टाकली. अमेरिकन ब्लॅक हॉक निम्म्या किमतीत मिळालं असतं. चौदा ह्यूईंच्या जागी आठच एनएच-९० आली. शेवटी २०२५ मध्ये सरकारने चूक मान्य केली आणि अमेरिकन सीहॉक घेतलं. म्हणून लहान देशाने डोकं चालवू नये, शेजारचा मोठा देश घेईल ते घ्यावं.

यात खऱ्या घटना आहेत, म्हणूनच हा मजकूर पटतो. नॉर्वेने हेलिकॉप्टरं परत केली हे खरं, ऑस्ट्रेलियाने ती सेवेतून काढली हेही खरं. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो लोकांच्या डोक्यात पक्का बसला तर पुढच्या प्रत्येक खरेदीत चुकीचेच प्रश्न विचारले जातील. म्हणून एकेक मुद्दा घेतो. सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून, कारण तो सरळसरळ खोटा आहे.

“सरकारने चूक मान्य करून सीहॉक घेतलं”

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्री जुडिथ कॉलिन्स आणि परराष्ट्रमंत्री विन्स्टन पीटर्स यांनी पाच एमएच-६०आर सीहॉक घेण्याची घोषणा केली. ही हेलिकॉप्टरं नौदलाच्या जुन्या सीस्प्राइट हेलिकॉप्टरांची जागा घेणार आहेत. एनएच-९० चा त्याच्याशी संबंध नाही. फ्रिगेट या युद्धनौकेच्या डेकवरून उडून पाणबुड्या शोधणं हे सीहॉकचं काम, सैनिक आणि सामान वाहून नेणं हे एनएच-९० चं. हवाई दलाच्या तिसऱ्या स्क्वाड्रनची एनएच-९० ओहाकेआ तळावर होती तिथेच आहेत. दोन वेगळी कामं, दोन वेगळी हेलिकॉप्टरं. ज्याने हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं त्याने घोषणेचा मथळाच वाचला असावा.

“नॉर्वेने परत केली”

हो, १० जून २०२२ रोजी नॉर्वेने करार रद्द केला आणि दिलेले पैसे परत मागितले. २००१ मध्ये १४ हेलिकॉप्टरांची मागणी नोंदवली होती. एकवीस वर्षांनी त्यांतली फक्त आठ पूर्ण क्षमतेच्या रूपात हाती आली होती. वर्षाला ३,९०० उड्डाणतासांची गरज होती, प्रत्यक्षात सरासरी ७०० तास मिळत होते. कोणत्याही देशाने एवढ्यावर करार तोडला असता, आणि नॉर्वेला मी तसूभरही दोष देत नाही.

पण नॉर्वेने मागवली होती ती नौदलाची आवृत्ती. सहा हेलिकॉप्टरं फ्रिगेटसाठी, आठ तटरक्षक दलाच्या जहाजांसाठी. रडार, पाण्यात सोडायचा सोनार (आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र), टॉर्पेडो, शिवाय रात्रंदिवस खारं वारं. सर्वाधिक विलंब आणि सर्वाधिक गुंतागुंत याच आवृत्तीत झाली. गंजाचा त्रास नेदरलँड्सच्या नौदल आवृत्तीतही निघाला. न्यूझीलंडने घेतली ती जमिनीवरून उडणारी वाहतुकीची आवृत्ती. सांगाडा आणि इंजिनाचं कुटुंब एकच, पण आत बसवलेली यंत्रणा आणि कामाची जागा निराळी. वाहतुकीचीच आवृत्ती वापरणाऱ्या फिनलंडकडे २० एनएच-९० आहेत, आणि तिथली थंडी काही कमी नाही. तुलना करायचीच तर ती फिनलंडशी व्हायला हवी.

नॉर्वेचं आणखी एक पान हा मजकूर उलटत नाही. करार तोडला तेव्हा बदली हेलिकॉप्टर तयार नव्हतं. सहा सीहॉकची मागणी २०२३ मध्ये गेली. मधल्या काळात पाणबुडीविरोधी फ्रिगेट आपल्या हेलिकॉप्टरविना समुद्रात. नाटोतल्या देशाला मित्रराष्ट्रांचा आधार असतो. दक्षिण प्रशांतात शेजारी हाकेच्या अंतरावर नाहीत.

“ऑस्ट्रेलियाने पुरून टाकली”

इथे शब्द जपून वापरायला हवेत, कारण यात माणसं गेली आहेत. २८ जुलै २०२३ च्या रात्री क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ, लिंडमन बेटापाशी, सरावादरम्यान एक टायपन कोसळलं आणि चार जणांचा मृत्यू झाला. टायपन म्हणजे ऑस्ट्रेलियाचं एनएच-९०. सप्टेंबरअखेर सरकारने सगळा ताफा कायमचा जमिनीवर उतरवला. नंतर युक्रेनने ती मागितली, पण तोवर सुटे भाग काढण्याचं काम सुरू झालं होतं.

मजकूर यातून ‘हेलिकॉप्टरच खराब’ असं सुचवतो. पण टायपन काढून ४० ब्लॅक हॉक घेण्याचा निर्णय जानेवारी २०२३ मध्येच जाहीर झाला होता, अपघाताच्या सहा महिने आधी. कारणं होती कमी उपलब्धता आणि वाढता खर्च. अपघाताच्या चौकशीत वैमानिकांच्या हेल्मेटवर दिसणाऱ्या माहितीचे आणि वैमानिकांच्या थकव्याचे प्रश्न पुढे आले. हे गंभीर प्रश्न आहेत. एनएच-९० उडवणाऱ्या प्रत्येक देशाने ते ओळ न ओळ वाचले पाहिजेत, न्यूझीलंडनेही. पण ‘यंत्र भंगार’ या एका शब्दात ते मावत नाहीत, आणि तसं म्हणून आपण त्या चार कुटुंबांच्या प्रश्नांचंही उत्तर देत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची आणि माणसांची. ऑस्ट्रेलियाकडे ४७ टायपन होती, आणि त्याआधी कित्येक वर्षं ब्लॅक हॉक उडवल्याचा अनुभव होता. तो देश एक ताफा सोडून दुसरा उभा करू शकतो. न्यूझीलंडकडे या कामासाठी एकच स्क्वाड्रन आहे. तिची हेलिकॉप्टरं काढली, तर नवी येऊन वैमानिक आणि तंत्रज्ञ त्यांवर तयार होईपर्यंतची वर्षं रिकामी जातात. त्या वर्षांत भूकंप आणि वादळं थांबत नाहीत.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने कायकोरा गावाचे रस्ते दोन्ही बाजूंनी दरडींखाली गेले, तेव्हा अडकलेल्या पर्यटकांना एनएच-९० नेच बाहेर काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने फिजीची वाताहत केली होती. तेव्हा ‘कँटरबरी’ जहाजावरून हीच हेलिकॉप्टरं तिथल्या बेटांवर मदत घेऊन गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल वादळात हॉक्स बे भागात माणसं घरांच्या छपरांवर चढून बसली होती, त्यांनाही यांनी उचललं. मला हा ताफा महत्त्वाचा वाटतो तो या कामांमुळे. ज्यांना त्याला भंगार म्हणायचं आहे त्यांनी निदान या तीन घटना समोर ठेवून म्हणावं.

“ब्लॅक हॉक निम्म्या किमतीत मिळालं असतं”

हा हिशोब असा करतात: २००६ चा करार ७७ कोटी १० लाख न्यूझीलंड डॉलरचा, हेलिकॉप्टरं आठ, म्हणजे एकेक साडेनऊ कोटींहून महाग. मग ब्लॅक हॉकची कारखान्याबाहेरची नुसती किंमत शेजारी ठेवायची आणि हसायचं.

पण प्रकल्पाच्या रकमेत फक्त आठ हेलिकॉप्टरं नव्हती. सुट्या भागांसाठी नववं पूर्ण हेलिकॉप्टर होतं, शिवाय सुटे भाग, अवजारं-उपकरणं, प्रशिक्षण. एका बाजूला संसाराचं सगळं सामान आणि दुसऱ्या बाजूला नुसतं घर, अशी ही तुलना आहे. हीच पद्धत सीहॉकला लावून पाहा. पाच हेलिकॉप्टरांच्या प्रकल्पाला २०० कोटी डॉलरहून जास्त लागणार आहेत. म्हणजे एकेक ४० कोटींच्या वर! मग अमेरिकन हेलिकॉप्टर युरोपियनच्या चौपट महाग झालं का? अर्थातच नाही. सीहॉकच्या रकमेत शस्त्रं, सोनार, प्रशिक्षण आणि देखभालीची सोय आहे, शिवाय मध्ये एकोणीस वर्षांची महागाई. एकूण रक्कम भागिले संख्या या भागाकारातून काहीच हाती लागत नाही.

ते नववं हेलिकॉप्टर ज्यांना उधळपट्टी वाटतं, त्यांनी ताफा कसा चालतो ते समजून घ्यावं. कारखाना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. एखादा गिअरबॉक्स यायला महिने लागले, तर तेवढे महिने एक हेलिकॉप्टर हँगरमध्ये उभं. लहान ताफ्याचा जीव यातच अडकलेला असतो, आणि सुट्या भागांसाठी अख्खं यंत्र घेऊन ठेवणं हा माझ्या मते त्या करारातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

“चौदाच्या जागी आठच आली”

हा एकच मुद्दा मला बोचतो, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे.

इरोक्वॉइ, म्हणजे ह्यूई, १९६६ पासून २०१५ पर्यंत न्यूझीलंडसाठी उडत राहिली. ती साडेचार टनांच्याही आतली, एनएच-९० साडेदहा टनांचं. नवं हेलिकॉप्टर हुकाला चार टनांपर्यंत ओझं टांगू शकतं आणि त्यात हवामान रडार आहे. रात्री, ढगांत, डोंगरांत उडताना हा फरक जीव वाचवणारा ठरू शकतो. एप्रिल २०१० मध्ये अँझॅक दिनाच्या, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, पहाटे राजधानी वेलिंग्टनला निघालेलं एक इरोक्वॉइ पुकेरुआ बे जवळच्या टेकडीवर आदळलं आणि तिघांचा मृत्यू झाला. अंधार होता आणि ढग खाली आले होते. ह्यूई आणखी दहा वर्षं ओढायला हवी होती असं म्हणणाऱ्यांनी ती पहाट आठवावी.

पण वजन दुप्पट झालं म्हणून एक हेलिकॉप्टर एकाच वेळी दोन ठिकाणी जात नाही. आठांपैकी काही मोठ्या देखभालीत, काही प्रशिक्षणात. एकदम तीन ठिकाणांहून हाक आली तर उत्तर देणं कठीण. प्रशिक्षणासाठी आणि हलक्या कामांसाठी पाच लहान एडब्ल्यू-१०९ हेलिकॉप्टरं सोबत घेतली, पण त्यांची वाहून नेण्याची क्षमता बेताची. टीका इथे व्हायला हवी होती. दोन-तीन एनएच-९० जास्त घेतली असती तर आज चित्र वेगळं असतं. मात्र ही टीका संख्येवर आहे, निवडीवर नाही. पैसा तेवढाच राहिला असता, तर ब्लॅक हॉकच्या वेळीही संख्येचा प्रश्न सुटला नसता.

“शेजारचा मोठा देश घेईल ते घ्यावं”

या सल्ल्याची न्यूझीलंडमध्ये खरोखरच परीक्षा झाली आहे. ऑस्ट्रेलियाने ११ सीस्प्राइट मागवली, १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च केला आणि मार्च २००८ मध्ये प्रकल्प गुंडाळला. तीच हेलिकॉप्टरं कंपनीने परत घेऊन दुरुस्त केली आणि न्यूझीलंडने २०१३ मध्ये २४ कोटी २० लाख न्यूझीलंड डॉलरला विकत घेतली. आठ उडणारी, शिवाय सुट्या भागांसाठी आणखी दोन आणि सिम्युलेटर. मोठ्या शेजाऱ्याने नाकारलेली यंत्रं लहान देशाने वापरून दाखवली. फ्रिगेटवरून ती पुढची अनेक वर्षं उडाली. न्यूझीलंडकडे आधीपासून सीस्प्राइट होती, माणसं त्याच यंत्रावर तयार होती, म्हणून हे जमलं.

मग ती सोडायचं का ठरलं? कारण या जातीची हेलिकॉप्टरं जगात फार थोडी उरली. इजिप्त, पेरू, पोलंड आणि न्यूझीलंड. कारखान्यात नवी बनत नाहीत, सुटे भाग दुर्मीळ होत जातात. ज्याच्यामुळे ती स्वस्तात मिळाली, त्याच कारणाने ती शेवटी अवघड झाली.

म्हणून सीहॉकच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचं पाहून तेच घेणं मला योग्य वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने त्यांची मोठी संख्या घेतली आहे, अमेरिकेकडे शेकडो आहेत, भारतीय नौदलानेही २४ मागवून मार्च २०२४ मध्ये कोचीला पहिली स्क्वाड्रन उभी केली. पुढची पंचवीस वर्षं भाग मिळतील, हा भरवसा इथे आहे. एनएच-९० बाबत हाच प्रश्न विचारला तर उत्तर मधलं येतं. जर्मनी, फ्रान्स, इटली यांच्याकडे मोठे ताफे आहेत, पण स्वीडन ब्लॅक हॉककडे वळतो आहे आणि बेल्जियमने आपली वाहतुकीची एनएच-९० काढायचं ठरवलं. वापरणारे कमी झाले की सुधारणांचा खर्च उरलेल्यांवर जास्त पडतो. वेलिंग्टनमध्ये चर्चा व्हायला हवी ती याची: एनएच-९० च्या पुढच्या सुधारणेत युरोपच्या मोठ्या देशांबरोबर किती काळ राहायचं, आणि पाच सीहॉकपैकी एक मोठ्या देखभालीत आणि एक प्रशिक्षणात गेल्यावर ‘ते काहा’ आणि ‘ते माना’ या दोन फ्रिगेटसाठी उरलेली तीन वर्षभर पुरणार आहेत का.